डाव्या पायाची दुमड

तीन महिन्यांच्या लेकीला स्वतः शिवलेला पायजमा चढवताना शिंपिणीचा हात थबकला. उजव्या पायाची बोटं बाहेर डोकावत होती, डाव्या बोटांवर मात्र कापड लोंबत होतं. आपली कात्री चुकली असेल म्हणून तिने पायजमा काढला आणि त्याचे दोन्ही पाय एकावर एक ठेवून पाहिले. काठाला काठ जुळला. म्हणजे कात्री चुकली नव्हती.

गळ्यात टेप होतीच. पण ती पोरीच्या पायाला लावायचा तिला धीर झाला नाही.

कारण ही दुमड तिच्या हातांना पाठ होती. लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांच्या प्रत्येक पँटचा डावा पाय ती बोटभर जास्त दुमडत आली होती, नणंदेचा तर तीन बोटं. सासूने पहिल्याच आठवड्यात तसं सांगून ठेवलं होतं, भाजीत मीठ किती ते सांगावं तसं. सासरे डुलत चालत. ही आमच्या घराण्याची चाल, गर्दीतही माणूस ओळखू येतो, असं ते मिरवत आणि घर हसे. नणंदेचा खुबा चाळिशीच्या आतच बदलावा लागला, पण तो दुकानात दिवसभर उभं राहून झिजला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. या दोन गोष्टी कुणी एकत्र जोडून पाहिल्या नव्हत्या. तिनेसुद्धा नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोरीचे गुडघे दुमडून मांड्या अलगद बाहेर वळवल्या. उजवी सहज पडली, डावी अर्ध्यावर अडली. घरात कुणाला खुब्याचा त्रास आहे का, असं त्यांनी विचारलं, तर नवरा चटकन नाही म्हणाला.

"आहे," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"अगं, बाबांची ती चालायची ढब आहे."

"ढबीला दुमड घालावी लागत नाही, अहो."

सोनोग्राफीत खुब्याची खोबण उथळ दिसली. मांडीच्या हाडाचा गोळा तिच्या काठावर येऊन टेकला होता. डॉक्टरीणबाई शांतपणे सांगत राहिल्या. मूल पायाळू, त्यात मुलगी, त्यात घरातलं रक्त. याला कुठलं एकच जनुक कारण नसतं, बारीकसारीक अनेक जनुकं थोडाथोडा हातभार लावतात. कुणाच्या वाट्याला त्यातली चार येतात, कुणाच्या पुष्कळ. म्हणून एकाच घरात एकजण नुसता डुलतो आणि दुसरीचा खुबाच जातो.

शिंपिणीने पोरीचा डावा पाय हातात धरला.

"मग हिच्या वाट्याला कुणाचं आलंय? आजोबांचं की आत्याचं?"

"ते आधी सांगणारी तपासणी माझ्याकडे नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण त्या दोघांना या वयात कुणी तपासलं नव्हतं. हिला तपासलंय."

पोरीचे पाय बेडकासारखे दुमडून पट्ट्यांत अडकवले गेले. पट्टा रात्रंदिवस ठेवायचा. गोळा खोबणीत टिकला तर उत्तम, नाही टिकला तर पुढे प्लास्टर, कदाचित ऑपरेशन.

घरी सासऱ्यांनी, आता घरात बेडूकही आला का, असं म्हणून पाहिलं. कुणी हसलं नाही. ते खुर्चीत बसले ते बसूनच राहिले. पाणीसुद्धा त्यांनी जागेवर मागवलं. नातीसमोर चालायची त्यांना भीती वाटत असावी.

संध्याकाळी नणंद काठी टेकत आली आणि तिने पट्ट्यांवरून बोट फिरवलं.

"मला तेव्हा हा पट्टा मिळाला असता तर, वहिनी?"

जुना एकही पायजमा पट्ट्यावरून चढत नव्हता, म्हणून शिंपिणीने कापड पसरलं आणि मोठ्या घेराची नवी आखणी केली. खडूची रेघ दोनदा वाकडी गेली.

"डावा किती दुमडायचा गं?" नणंदेने हळूच विचारलं.

शिंपिणीला ऐकू आलं होतं. तिने कापडाची घडी केली, टाचण्या लावल्या आणि कात्रीने दोन्ही पाय एकदमच, एका मापाचे कापले.