चिंचोक्यांचा नकाशा

उंबरपाड्याच्या खळ्यावर भात मोजताना पहिल्या पायलीला कुणी 'एक' म्हणत नसे. 'लाभ' म्हणायचं आणि मग पुढं दोन, तीन. मोजलेलं आटतं, असा डोंगरावरच्या त्या पाड्याचा पक्का समज होता, आणि भाताचं जे तेच लेकरांचं. मुलं किती, असं कुणी विचारलंच तर बायका "हायत देवाच्या दयेनं" एवढंच बोलत आणि दुसरा विषय काढत.

गुणाबाई या बाबतीत फार कडक होती. तिचं एक तान्हं मूल पाळण्यात गेलं, त्याच्या आदल्याच दिवशी एका पाहुणीनं कौतुकानं तिची पोरं पाळण्यापर्यंत बोट दाखवत मोजली होती. ते बोट गुणाबाई विसरली नाही. पुढं नवराही वारला, तेव्हापासून तर ती पोरांना एका ओळीत जेवायलासुद्धा बसवत नसे.

एकेचाळीस साली खानेसुमारी आली. माणसं मोजायचं काम शहापूरच्या शाळेतल्या अनंता मास्तरांकडं होतं. मास्तर डोंगराच्या वळणावर दिसले, तशी धोंडी म्हाताऱ्यानं हाळी दिली आणि चार-दोन म्हातारे सोडून पाड्यावरची माणसं पोराबाळांसकट रानात पसार झाली. धाकटी सावळी अजून अंगावर पिती, त्यामुळं गुणाबाईला पळणं जमेना. तिनं काशी, गणू, मालू आणि सावळी अशी चौघंही भाताच्या रिकाम्या कणगीत उतरवली, वर सूप झाकलं आणि दारात येऊन उभी राहिली.

"घरात मी येकटीच," तिनं सांगितलं.

बाकीची माणसं कोळशाच्या भट्ट्यांवर गेलीत, कधी येतील नेम नाही, असं धोंडीनं पढवल्यासारखं म्हणून दाखवलं. मास्तर भला माणूस. तांब्याभर पाणी प्याले, बंद दारांकडं पाहत त्यांनी काय ते लिहिलं आणि उतरून गेले. त्या संध्याकाळी पाडा पोट धरून हसला. कणगीत गणू शिंकला आणि ती शिंक आपण आपल्या नाकावर कशी घेतली, याची गुणाबाईनं सगळ्यांना नक्कल करून दाखवली.

पुढं लढाई ब्रह्मदेशापर्यंत आली आणि तिकडचा तांदूळ बंद झाला. त्रेचाळीसच्या आषाढात पाड्यावरच्या कणग्या तळाला लागल्या. रानातले कंदही उकरून संपले. खाली शहापुरात, मुरबाडात, सडकेवरच्या मोठ्या गावांत सरकारी धान्य कार्डावर मिळू लागलं होतं, पण खानेसुमारीच्या नोंदीवरून उंबरपाड्याच्या नावावर कार्डं आली ती धोंडीसारख्या चार-दोन म्हाताऱ्यांची आणि एक गुणाबाईचं, तेही एका माणसाचं. मास्तर तिच्या तोंडओळखीचे आहेत, म्हणून पाड्यानं तिलाच खाली धाडलं.

आधी ती शहापुरातल्या सरकारी धान्याच्या दुकानावर गेली. वर भरपूर माणसं आहेत, असं तिनं सांगितलं. दुकानदार वजनकाट्यावरची नजर न काढता म्हणाला, "वर जंगल आहे, बाई. तिथं झाडं राहतात. झाडांना कार्ड नसतं." रांगेतली माणसं हसली.

शाळेच्या ओसरीवर मास्तर भूगोल शिकवत होते. त्यांनी फरशीवर खडूनं समुद्र, डोंगर आणि नद्या काढल्या होत्या आणि पोरं त्यावर चिंचोके मांडत होती. जिथं जास्त माणसं तिथं जास्त चिंचोके. मुंबईवर ढीग होता. कल्याणवर मूठभर, शहापूर-मुरबाडवर चिमूटभर. सह्याद्रीच्या अंगाला मात्र फरशी कोरीच होती. मास्तर पोरांना सांगत होते की साऱ्या जगाचा असा नकाशा केला, तर चिंचोके दाट पडतात ते चीनमध्ये, आपल्याकडं गंगेच्या काठानं आणि खाली बंगालात. भात पिकवणाऱ्या सपाट ओल्या जमिनीवर माणसं दाटतात, आणि वाळवंटात, डोंगरात विरळ होतात.

शाळा सुटल्यावर त्यांनी गुणाबाईला तोच नकाशा सावकाश समजावून दिला. ती उकिडवी बसून पाहत होती. तिनं विचारलं, "आमचा पाडा खंय?"

मास्तरांनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "इथं. पण तुमची माणसं मिळून एक चिंचोकासुद्धा होत नाही."

"मंग हे चिंचोके दाट हायत, थयं तरी माणसं पोटभर जेवत असतील."

 बंगालातली माणसं रस्त्यावर मरून पडताहेत, असं मास्तरांनी कालच वर्तमानपत्रात वाचलं होतं. मास्तरांनी तिला तसं सांगितलं. गुणाबाई ढिगाकडं पाहत राहिली. तिला त्यातलं काहीच उलगडेना. मोजलेली मरत होती आणि न मोजलेलीही.

मास्तर म्हणाले, "सगळ्या पाड्याचं आज माझ्या हातात नाही. पण मामलेदारांकडं तुमच्या घरापुरता शब्द टाकतो. पोरं किती ते सांगा."

"हायत देवाच्या दयेनं."

"किती, बाई? आकडा लागतो."

तिनं तोंड उघडलं. घरी सावळीचं अंग सकाळपासून तापलं होतं. अशा दिवशी आकडा उच्चारायचा म्हणजे आपणच बोट दाखवायचं. पाळण्यावरून फिरणारं ते जुनं बोट तिच्या डोळ्यांपुढं आलं आणि उघडलेलं तोंड तिनं मिटून घेतलं.  मास्तरांनी पुन्हा विचारलं, समजावलं, रागावले मात्र नाहीत. शेवटी तिनं विचारलं ते एवढंच, की हे चिंचोके नेऊ का.

"न्या," मास्तर म्हणाले.

तिनं मुंबईचा ढीग पदरात ओढला, मग कल्याण, मग शहापूर. घरी जाऊन ते भाजले, कुटले, शिजवून पोरांना घातले. मालूला ते पचले नाहीत. सावळीनं तोंडच उघडलं नाही.

दसरा उलटल्यावर मास्तर सुट्टीच्या दिवशी आपणहून डोंगर चढून आले. सरकारनं पाठवलं नव्हतं. नवी खानेसुमारी यायला अजून कितीतरी वर्षं होती. तरी कागद घेऊन ते दारोदार बसले, आणि या खेपेला कुणी रानात पळालं नाही. पळण्याइतकं बळच कुणाच्या पायांत नव्हतं.

गुणाबाईनं पोरांना अंगणात ओळीनं उभं केलं. मग बोट पुढं करून सगळ्यांना ऐकू जाईल असं मोजलं. लाभ म्हणाली नाही.

"येक, काशी. दोन, गणू."

बोट तसंच पुढं राहिलं. मास्तर पेन्सिल धरून थांबले होते.

"पुढं?"

"झालं."

त्यांनी दोनाचा आकडा लिहिला. त्यांना बरं वाटलं असावं. ते म्हणाले, "या वेळी काही लपवलं नाहीत, हे बरं केलंत."

"आता लपवायला काय नाय, मास्तर," गुणाबाई म्हणाली, आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेली.