चुन्याकडचं झाकण

मी एक जुनी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, डबी आहे, मित्रांनो. मुठीत मावेन एवढी. मला दोन तोंडं आहेत, एकीकडे तंबाखू ठेवायची आणि दुसरीकडे चुना. त्यातलं चुन्याकडचं झाकण आता उघडत नाही. नख लावा, चाकू लावा, उघडणार नाही. ते का, एवढंच सांगते. सांगताना मला रडू येत नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मला आता फारसं काही वाटतच नाही.

सौंसरच्या बाजारात मी इतर डब्यांबरोबर सुतळीला टांगलेली होते. नत्थूजींनी मला काढलं, दोन्ही झाकणं टकटक उघडून पाहिली आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. नत्थूजी पांढुर्ण्याच्या पोस्टात पोस्टमन होते. रोज जाम नदी ओलांडून सावरगावात टपाल वाटायचे. कोणाच्या ओसरीवर टेकले की आधी थैलीतून पत्र निघायचं आणि मग खिशातून मी. चार जण मळायला पुढे सरकायचे. नत्थूजींची डबी म्हणून दोन्ही काठांवर मला ओळखत. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मी चांगलीच शेफारले होते.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात नत्थूजींना चालताना छातीत जड वाटू लागलं. डॉक्टरांनी त्यांचं रक्त काढून तपासायला नागपूरला पाठवलं. आठवड्याने कागद आला. कोलेस्टेरॉल तीनशेच्या वर होतं. रक्तात चरबी फार झाली आहे, ती नळ्यांना आतून धरत जाते, असं डॉक्टरांनी समजावलं. नत्थूजींना हसू आलं. माणूस काडीसारखा वाळका. चरबी जाड्या माणसाला असते, असं त्यांचं आणि सगळ्या मोहल्ल्याचं मत होतं. डॉक्टरांनी तंबाखू बंद केली, तेल-तूप कमी करायला सांगितलं आणि कॅप्सूल लिहून दिल्या. दोन्ही वेळा जेवणानंतर एकेक, रोज, एकही न चुकवता.

पंचफुलाबाई म्हणजे नत्थूजींची बायको. तिने त्याच दिवशी माझ्यातली तंबाखू उकिरड्यावर झटकली आणि ती बाजू राखेने खसाखसा घासली. दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी माझ्या तंबाखूच्या बाजूला दोन कॅप्सूल ठेवू लागली. संध्याकाळची भांडी आटोपली की मला उघडून पाहायची. रिकामं दिसलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. पण ती तेवढी एकच बाजू पाहायची.

आमच्याकडे वडाभात करतात, मित्रांनो. डाळींचे वडे भातावर कुस्करायचे आणि वरून कढत तेलाची फोडणी सोडायची. नत्थूजींचा त्याच्यावर भारी जीव. त्यांनी हळूहळू आपला एक वेगळाच कायदा केला. भाजी-भाकरीच्या दिवशी औषध वाया कशाला घालवायचं? त्या दिवशीच्या कॅप्सूल ते गुपचूप चुन्याच्या बाजूला सरकवायचे आणि कोणाच्या लग्नात किंवा तेरवीत तेलकट जेवण झालं की दोन-तीन एकदम गिळायचे. जेवढं तेल, तेवढ्या गोळ्या. पोस्टातल्या चिंधूला त्यांनी हे समजावूनही सांगितलं.

"ज्या दिवशी आग नाई लागली, त्या दिवशी पानी कायले ओतू?"

चिंधूला पटलं. मलाही पटलं होतं. रक्त पुन्हा तपासून घ्या, असं डॉक्टर सांगत होते, ते नत्थूजी पुढे पुढे ढकलत राहिले.

असं करत तीन वर्षं गेली. सत्त्याऐंशीचा पोळा आला. रामाकोन्याहून लेक सरला आणि जावई आले. पुरणपोळीवर तुपाची धार झाली, आणि जावयासाठी खास वडाभातही झाला. नत्थूजी वडाभाताच्या पातेल्याकडे पाहत बसले. पंचफुलाबाईला राहवलं नाही.

"गोया रोज घेऊन राहिले ना तुमी? मंग आजचा दिवस खा."

आणि तिने आपल्या हाताने तेल वाढलं. जेवण झाल्यावर नत्थूजी परसात गेले आणि माझ्या चुन्याच्या बाजूच्या चार कॅप्सूल त्यांनी एकदम घेतल्या.

दुसऱ्या दिवशी गोटमार होती, म्हणजे आमचं पांढुर्णा आणि पलीकडचं सावरगाव यांची दगडफेकीची जत्रा. सकाळपासून नदीच्या दोन्ही काठांवरून दगड चालू होते. दुपारी नत्थूजींच्या छातीत कळ आली आणि डाव्या हातात उतरली. घरात कोणाला न सांगता ते दवाखान्यात गेले. तिथे फुटलेल्या डोक्यांची गर्दी, डॉक्टर टाके घालून बेजार. गुलाब कंपाउंडरने काय झालं विचारलं, तर नत्थूजी म्हणाले, जरा जड वाटून राहिलं. त्यांची पाळी आली तेवढ्यात रक्ताने माखलेल्या एकाला आणलं. नत्थूजी बाजूला सरकले.

"याले घ्या पयले. माह्यं का रक्त निघून राहिलं?"

दुसऱ्यांदाही त्यांनी तेच केलं. तिसऱ्यांदा गुलाबने हाक मारली तेव्हा ते बाकावरून उठले नाहीत. मी खिशात त्यांच्या छातीला लागूनच होते. आतली धडधड थांबली, ते सगळ्यांच्या आधी मला कळलं. नंतर गुलाबला कळलं, मग डॉक्टरांना.

तेरवी झाल्यावर कपडे आवरताना मी पंचफुलाबाईच्या हाती लागले. तिने तंबाखूची बाजू उघडली. रिकामी होती. मग काय वाटलं कोणास ठाऊक, तिने दुसरी उघडली. आत नऊ कॅप्सूल होत्या, ओलीने एकमेकींना चिकटलेल्या, अंगाला जुन्या चुन्याची भुकटी लागलेली.

"मी त रोज भरून देत होती," ती सरलाला म्हणाली.

ती रडली नाही. मला घेऊन डॉक्टरांकडे गेली आणि विचारलं, रोज घेतल्या असत्या तर वाचले असते का. डॉक्टर म्हणाले, ते मला सांगता येणार नाही. पण हे औषध एका जेवणाचा उतारा नाही, बाई, ते रोजच्या रोज घेतलं तरच काम करतं. आणि छातीत कळ येते एवढं जरी बोलले असते, तरी मी त्यांना सगळ्यांच्या आधी आत घेतलं असतं. पंचफुलाबाईने ऐकून घेतलं. मग तिने हात पुढे केला आणि आपलंही रक्त काढायला सांगितलं. त्याच हंडीतलं तीही जेवत आली होती. तिचाही कागद तसाच आला.

तिच्या कॅप्सूल घरी आल्या त्या दिवशी तिने माझं चुन्याकडचं झाकण लावलं, मला पाट्यावर ठेवलं आणि वरवंटा घेतला. तीन घाव घातले. झाकण आत रुतून बसलं, माझा आकार गेला. मला दुखलं नाही. मग तिने चांगल्या बाजूला दोन कॅप्सूल ठेवल्या. तेव्हापासून जेवण झालं की ती एक काढते, सरला घरी असली तर तिच्या देखत घेते, नसली तर शेजारणीला हाक मारते.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाला रोजचं औषध असेल, तर नुसती रिकामी डबी पाहून निर्धास्त होऊ नका. पाण्याचा गिलास घेऊन त्या माणसासमोर बसा आणि औषध पोटात जाईपर्यंत उठू नका. नत्थूजींसमोर कोणी बसलं नाही. मी होते, रोज होते, पण मी पडले डबी.