एकाच आईची पिल्लं

संग्रहालयाच्या सर्पविभागात काम करणाऱ्या भाचीला एका मासेमाराने बादलीतून पाणसापाची मादी आणून दिली. नदीच्या मुखाशी, गाळात लावलेल्या जाळ्यात ती अडकली होती. अंग चिखलाच्या रंगाचं, पट्टा नावालाही नाही. नाकपुड्या डोक्याच्या अगदी माथ्यावर, सगळं अंग पाण्याखाली ठेवून नुसता श्वास घेता यावा अशा. भाचीने बघताक्षणी ओळखलं. हा मामांचा साप.

मामा म्हणजे तिचे सख्खे मामा आणि याच विभागाचे निवृत्त प्रमुख. नदीच्या वरच्या अंगाला, पाणगवतात राहणारा पट्टेरी साप सगळ्यांच्या माहितीचा होता. मुखाजवळचा बिनपट्ट्यांचा साप ही निराळी जात आहे, असं मामांनी तरुणपणी मांडलं, तिला नाव दिलं आणि ते पुस्तकांत रुळलं.

मादीचं पोट फुगलेलं होतं. हे साप अंडी घालत नाहीत, पिल्लंच देतात. भाचीने तिला एका टाकीत एकटीला ठेवलं आणि मग येता-जाता काचेला नाक लावायचा तिला नादच लागला.

एका सकाळी पिल्लं होऊ लागली. पातळ, पारदर्शक पिशवीत गुंडाळलेलं पिल्लू बाहेर यायचं, तोंडाने पिशवी फाडायचं आणि लगेच पोहायचं. आधीची सगळी चिखलरंगी होती. मग एक असं आलं की भाची खुर्चीवरून उठलीच. त्याच्या पाठीवर ठसठशीत पट्टे होते. पाठोपाठ आणखी दोन पट्टेरी.

तिला हर्ष झाला, आणि त्याच क्षणी मामांना हे कसं सांगायचं, असंही वाटलं. तिने फोन लावला.

“मामा, तुमच्या सापाला पिल्लं झालीत.”

“बरी आहेत ना?”

“बरी आहेत. पण तुम्ही याच.”

मामा आले, टाकीशी वाकले आणि एकेक पिल्लू निरखू लागले.

“दुसऱ्या टाकीतली आली असतील.”

“दुसऱ्या टाकीत साप नाहीतच, मामा. ही माझ्या डोळ्यांदेखत झालीत.”

“मग बाप पट्टेरी असणार. दोन जातींचा संकर होतो कधीकधी.”

“संकर असता तर अधलीमधली दिसली नसती का? यातलं एकही तसं नाही.”

मामांनी चष्मा पुसला. “बरण्या काढ.”

दोघांनी स्पिरिटमधले दोन्ही प्रकारचे जुने साप टेबलावर मांडले. पोटाचे खवले मोजले, दात पाहिले. रंग सोडला तर फरक हाती लागेना.

“मला तेव्हा पाचच साप मिळाले होते,” मामा म्हणाले. “पाचांवरूनच निराळी जात ठरवून टाकली मी.”

भाची बरण्यांची झाकणं लावू लागली. पण मामांचं लक्ष पुन्हा टाकीकडे गेलं होतं. “मला एक सांग. एकाच आईची लेकरं, तर मुखाशी पट्टेरी का दिसत नाहीत? कोण खातं त्यांना?”

दुसऱ्या दिवशी दोघं मुखाशी जाऊन बसले. पाणी ओसरल्यावर उघड्या गाळावर बगळे उतरले. तिथे पट्टे लांबूनही उठून दिसले असते. वर पाणगवताच्या सावल्यांत मात्र तेच पट्टे लपायला मदत करत असावेत. “असावेत,” मामांनी बजावलं. “बघितल्याशिवाय लिहायचं नाही.”

पुढे वरच्या आणि खालच्या सापांचे नमुने प्रयोगशाळेत गेले. जात एकच निघाली. दोघांनी मिळून शोधनिबंध लिहिला आणि मामांनी दिलेलं नाव मामांच्याच सहीने रद्द झालं.

निबंध छापून आला त्या दिवशी जेवताना मामा नुसता भात चिवडत होते. मामींनी विचारल्यावर म्हणाले, “माझा साप गेला.”

मामींनी पाय वर घेतले. “कुठे गेला? घरात तर नाही ना?”

मामा हसले ते ठसका लागेपर्यंत. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी भाचीला फोन लावला. “ती पट्टेरी पिल्लं मोठी झाली की त्यांना पिल्लं कशी होतील गं, पट्टेरी की चिखलरंगी? उद्या सकाळी येतो मी.”