मासे कोणत्या विभागाचे?

मित्रांनो, जुनी आहे मी, कबूल. पण मला भंगार म्हणाल तर ऐकून घेणार नाही. मी माशांची काचपेटी. माझ्या एका कडेचा टवका उडालाय, सांध्यांतलं सिलिकॉन पिवळं पडलंय. तरी अजून माझ्यातून पाण्याचा एक थेंब गळत नाही.

माझा जन्म सिल्वासातल्याच एका दुकानात झाला. तिथून मी गेले खडोलीच्या एका कारखान्यात, मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये. सोनेरी मासे, रंगीत खडे, वर दिवा! येणारे-जाणारे वाकून बघत आणि "व्वा!" म्हणत. मग साहेबांची बदली झाली, मासे कुणी घरी नेले आणि माझ्यात जुन्या वायरी नि पाने-पक्कड पडू लागले. कोणी मला साधं पुसलंही नाही.

तिथून मला सोडवलं भावेशने. नंदुरबारकडचा पोरगा, वडील त्याच कारखान्यात कामाला. तो इथल्या संशोधन केंद्रात प्राणिशास्त्राचं काम करायचा. जोडीला नाशिकची मेधा, भौतिकशास्त्रातली. दोघं नवखे, पण खूळ एकच: एवढे मासे न धडकता एकदम वळतात कसे? त्यांना हुकूम देतं कोण? भावेशने अथालजवळच्या ओढ्यातून करंगळीच्या पेराएवढे मासे आणले, मेधाने केंद्रातल्या एका खोलीत माझ्यावर केंद्राचा कॅमेरा टांगला.

तिचं पहिलं गणित इतकं देखणं आलं की ती टाळ्याच वाजवू लागली. "बघ, झुंड दर वेळी इथेच जमते! नियम सापडला!"

भावेश पोट धरून हसला. "ओ मॅडम, तो नियम माशांचा नाही, पेटीचा आहे. तिथं कोपरा आहे ना!"

"माझ्या गणितात कोपरे नाहीतच. मासा म्हणजे एक ठिपका."

"मग उद्यापासून दाणे ठिपक्यांनाच टाका."

मेधाचे कान लाल झाले. खरं सांगते, मलाही माझ्या कोपऱ्यांची लाज वाटली. पण त्यांनी मला टाकून दिलं नाही. प्लास्टिकची पारदर्शक पट्टी गोल वाकवून माझ्यात उभी केली आणि कोपरे झाकले. मग हळूहळू दिसू लागलं, की पुढारी असा कोणी नाहीच. प्रत्येक मासा फक्त शेजाऱ्यांकडे बघतो. दोन-चार वळले तर ते वळण विरून जातं. आणखी थोडे वळले की अख्खी झुंड वळते.

त्याच सुमारास केंद्राचे प्रमुख प्रमोदसर आले. माणूस वाईट नव्हे, पण त्यांना प्रत्येक वस्तू आपापल्या कपाटात लागते.

"मेधा, या कामाला एकाच विभागाचं नाव दे. भौतिकशास्त्र लिही, ही खोली तुझी. भावेशला मदतनीस म्हणून दाखव."

"सर, काम दोघांचं आहे."

"भौतिकवाले म्हणतात हे जीवशास्त्र, जीववाले म्हणतात ही नुसती गणितं. मी तुम्हाला बसवू कुठे? सोमवारी सांग, नाहीतर खोली सोडा."

खोली गेली की कॅमेराही जाणार होता. सर गेल्यावर भावेश माझ्या काचेकडे बघत पुटपुटला, "लिही ना तू. माझं मी बघेन काहीतरी."

असली भडकली ती! "तू काय ठिपका आहेस, पुसून टाकायला?"

सोमवारी ती सरांसमोर उभी राहिली. "सर, खोली सोडतोय. नावं दोन्ही राहतील."

मासे बादलीत काढले. एका बाजूने तिने, दुसऱ्या बाजूने त्याने धरून मला दोन्ही विभागांच्या मधल्या जिन्याखाली आणलं. मेधाने स्वतःचा फोन कठड्याला बांधला. जिन्यावरून ये-जा करणारी केंद्रातली मुलं मला भजीवाल्याची काचपेटी ठरवून चेष्टेने विचारून गेली, "इथं भजी कधी सुरू होणार?"

"आधी मासे मोजायला बसा, मग भजी," भावेश म्हणाला. काही जण खरंच बसले.

मित्रांनो, मी अजून तिथेच आहे. जिन्यावरची धूळ माझ्यात पडते, सर बघूनही न बघितल्यासारखं करतात. माझं रडगाणं नाही. मागणं मात्र आहे. माझी काच पुसत जा, पाणी बदलत जा, काचेवर टिचक्या मारू नका, मासे बिचकतात. आणि मला या जागेवरून हलवायचं मनात आलंच, तर आधी त्या दोघांना विचारा. मी काठोकाठ भरलेली आहे. एकट्याच्या हातून मी उचलली जाणार नाही.