हजेरीची पाटी

मी एक लाकडी पाटी बोलतेय. खरं तर बोलणं हे माणसांचं काम. पण इथली माणसं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीत, म्हणून मला तोंड उघडावं लागतंय.

मिसोनो गावच्या ओबा सुताराने मला घडवलं, काळा रंग दिला आणि पांढऱ्या अक्षरांत नाव काढलं: मिनेगिशी. आमच्या नगरसभेत प्रत्येक सदस्याच्या मेजावर अशी पाटी असते. सदस्य आला की ती उभी करायची, गेला की आडवी. कारकून उभ्या पाट्या बघून हजेरी लिहितो. या कामाचा मला केवढा अभिमान होता!

मिनेगिशींसाठी मतं मागत फिरल्या त्या तोकिएबाई, गावच्या निवृत्त सुईण. गावचं प्रसूतिगृह बंद होऊ देणार नाही, असा शब्द मिनेगिशींनी बाईंना दिला होता. तेव्हापासून बाई प्रत्येक बैठकीला प्रेक्षकांच्या बाकावर वही घेऊन बसत. कोण आलं, कोणत्या ठरावासाठी कोण उभं राहिलं, न येता प्रवासखर्च कोणी उचलला, सगळं टिपत.

मार्चमध्ये प्रसूतिगृह चालू ठेवायचा ठराव आला. मिनेगिशींचा पत्ता नव्हता. शेजारच्या मेजावरच्या उसुईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच मला उभं केलं.

"तेवढाच शेजारधर्म," ते पुटपुटले.

मतदानाला ठरावाच्या बाजूचे उभे राहिले. हजेरीत अकरा, उभे पाच. सहावा हवा होता, त्याच्या जागी मी उभी! ठराव पडला. कोण उभं राहिलं त्यांची नावं इथे लिहीत नाहीत, हजेरी तेवढी लिहितात. मग मिनेगिशींनी घरोघरी पत्रक वाटलं, 'मी ठरावासाठी उभा राहिलो.' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे लबाडा, उभी मी होते!

जूनमध्ये पुन्हा तेच, मिनेगिशींची खुर्ची रिकामी. उसुईंचा हात माझ्याकडे आला, तोच प्रेक्षकांच्या बाकावरून तोकिएबाईंचा आवाज आला, "उसुईसान, हात मागे घ्या! त्या खुर्चीत कोण बसलंय ते सांगा आधी!"

"आजी, प्रेक्षकांनी बोलायचं नसतं," रखवालदार धावला.

"मग तू बोल बाबा. तुझी बायको बाळंतपणाला कुठे जाणार? डोंगरापलीकडे?"

तरी त्याने दंडाला धरून बाईंना बाहेर नेलंच. उसुईंनी मला उभं केलं. अध्यक्ष खाकरले आणि कामकाज पुढे चालू झालं.

कारकुनाने लिहिलं, 'मिनेगिशी हजर. एका प्रेक्षकाला बाहेर काढले.'

मी अजून उभीच आहे. मला हात जोडता येत नाहीत, नुसतं मागता येतं. कुणीतरी या, एकदा त्या खुर्चीकडे बघा, आणि मला आडवं करा.