डावा म्हणजे पुढचा

"ब्रेक बदलायचेत," गेथिन म्हणाला.

मेलेरी सायकलच्या दुकानामागच्या खोलीत माब्लीला कुस्करलेलं गाजर भरवत होती. आठ महिन्यांची माब्ली निम्मं गिळत होती आणि निम्मं हनुवटीवरून परत पाठवत होती. मेलेरीने चमच्याने ते पुन्हा गोळा केलं.

"कोणाच्या सायकलचे?" माहीत असूनही तिने विचारलं.

"राजेसाहेबांच्या. माझ्या, आणखी कोणाच्या?"

तिचा बाप खिडकीपाशी बसला होता. मांडीवर सुट्या भागांचं जाडजूड पुस्तक, आणि त्यावर डाव्या हाताचं बोट. उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवलेला. आणून ठेवल्यासारखाच दिसायचा तो.

गेल्या ऑक्टोबरात, माब्ली तीन आठवड्यांची असताना, गेथिनला अर्धांगाचा झटका आला. पाय सहा महिन्यांत चालता झाला, जीभही सुधारली. उजवी मूठ मात्र वळायची तेवढी. तिच्यात जोर म्हणून नव्हता. चौतीस वर्षं या दुकानात गंजलेले नट ज्या हाताने सोडवले, त्या हातातून आता चहाचा कप निसटायचा. मेलेरीचा नवरा तोमोस समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. तेव्हा मेलेरीनेच पोर छातीशी बांधलं आणि दुकानाचं शटर वर केलं. लहानपणापासून हात काळे करूनच वाढलेली ती, काम तिला अवघड नव्हतं. अवघड होतं ते गेथिनच्या सायकलचं काम.

नाताळ झाल्यावर त्याने पहिल्यांदा सांगितलं, पुढची दातेरी चकती लहान कर. बत्तीस दात्यांच्या जागी अठ्ठावीस. मागच्या चाकाला बावन्न दात्यांपर्यंत जाणारी चकत्यांची कॅसेट. पाय अजून कच्चा आहे, चढणीला हलकं पडेल. मेलेरीने फळ्यावर 'गेथिन' असं लिहून खाली दोन्ही भाग लिहिले आणि मागवले. फेब्रुवारीत गिअरची तार गेली आणि बटणाचे गिअर आले, कारण उजवा अंगठा लिव्हर ढकलू शकत नव्हता. बटण डावीकडे बसवता येत होतं. एप्रिलमध्ये सीटचा दांडा आला, बटण दाबलं की बसल्या बसल्या खाली जाणारा, म्हणजे चढता-उतरताना टांग टाकणं सोपं. पुस्तकातलं सगळ्यात चांगलं तेच ती निवडायची. कुठला भाग किती हलका, कुठला किती टिकतो, यावर दोघांचा तासतासभर वाद चालायचा. माब्ली त्याच्या डाव्या कुशीत झोपलेली असायची आणि बोलता बोलता तो तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवायचा.

नवा भाग बसवताना मेलेरीला कळायचं की बापाच्या अंगातलं काय गेलं ते आपण इथे पान्याने आवळून पक्कं करतोय. पण एकदा तरी म्हणावं, डॅड, आता पुरे, तर तोंड उघडत नव्हतं. त्याला या उन्हाळ्यात एकदा 'घोड्याची पाठ' उतरायची होती. जंगलातली ती उतरण त्याने स्वतः, तरुणपणी, फावड्याने खणून काढली होती. एकदा, एवढंच तो म्हणायचा. त्या एकदाला नाही म्हणायचं कसं, हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणून ती भाग मागवत राहिली.

"पुढचा ब्रेक डावीकडे घे," गेथिन आता म्हणाला. "उजव्याला मागचा, जमेल तेवढा दाबीन. खरं थांबवतो तो पुढचा."

मेलेरीचा चमचा वाटीतच राहिला. या देशात पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. विकायची सायकल तशीच लागते, कायदाच आहे तसा. जर्मन, डच पाहुणे सुट्टीत आपापल्या सायकली घेऊन यायचे, त्यांचा पुढचा डावीकडे. तसली सायकल दुरुस्तीला आली की डाव्या लिव्हरवर लाल टेप गुंडाळायची, हा गेथिनचाच नियम. आणि खोऱ्यातल्या निम्म्या पोरांना सायकल शिकवली तीही त्यानेच. भीती वाटली की डावा, हे तो पोरांकडून घोकून घ्यायचा. डावा म्हणजे मागचा; मागचं चाक घसरलं तरी माणूस सीटवर राहतो.

"डॅड, पन्नास वर्षांची सवय आहे तुझ्या हाताला."

"हाताला असेल. डोकं शाबूत आहे माझं."

"त्याबद्दल गावात दोन मतं आहेत," दारातून इद्वाल म्हणाला. इद्वाल हा निवृत्त पोस्टमन, गेथिनचा जुना जोडीदार. रोज अकराला चहाला यायचा आणि एकपर्यंत हलायचा नाही. "त्या बावन्न दात्यांवर तू चढशील रे, पण तुझ्याआधी गोगलगाय वर पोचून डबा खाऊन घेईल."

"तिला सांग, माझ्यासाठी एक सँडविच ठेव."

सगळे हसले, आणि हसण्यात मेलेरीची बोलायची वेळ निघून गेली. तिने पेन्सिल घेतली. फळ्यावर लिहिलं: ब्रेक, चार पिस्टनचे. मग क्षणभर थांबली. एका हाताच्या जोरावर सगळं थांबायचं, तर जोर कमी पडता कामा नये. तिने पुढे लिहिलं: पुढच्या ब्रेकची डिस्क, दोनशे तीन मिलिमीटर.

"मी एकशेऐंशी म्हणत होतो," गेथिन म्हणाला.

"मोठीच बरी. दोन बोटांनी थांबशील."

भाग आले. माब्ली दुपारी झोपली की मेलेरी कामाला बसायची. झोप कधी चाळीस मिनिटांची असायची, कधी वीस. नळ्या काढून अदलाबदल केली, तेल भरलं, हवेचा शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत नळी बोटाने टिचकवत राहिली. लिव्हर त्याच्या बोटांजवळ आणली. मग सायकल स्वतः घेऊन मागच्या रस्त्यावर वीस वेळा जोरात पळवून वीस वेळा ब्रेक दाबला, पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून. विसाव्यांदा एका बोटावर सायकल जागच्या जागी थांबली. इतके चांगले ब्रेक तिने आजवर कोणालाच बसवून दिले नव्हते. शेवटी डाव्या लिव्हरवर लाल टेप गुंडाळली.

या दुकानाची एक रीत होती. दुरुस्त झालेली सायकल गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी वर चॅपलपर्यंत न्यायची आणि उतारावरून खाली आणायची. ही फेरी गेथिनची. दारासमोर आला की तो डावा ब्रेक कचकन दाबायचा, मागचं चाक अर्धवर्तुळात घसरायचं आणि सायकल दाराशी आडवी उभी राहायची. दुकानापुढचा रस्ता त्या काळ्या रेघांनी भरलेला होता. मेलेरी लहान असताना ते बघायला अंगणात येऊन थांबायची, आणि नंतर इतरांची पोरंही.

शुक्रवारी सकाळी ऊन पडलं होतं. गेथिनने हेल्मेट घातलं. पट्टा इद्वालने लावून दिला.

"गळा आवळतोस का माझा?"

"चाळीस वर्षं मनात होतं," इद्वाल म्हणाला.

"डॅड, डावा म्हणजे पुढचा," मेलेरी म्हणाली.

"डावा म्हणजे पुढचा. टेप तूच लावलीस ना? दिसते मला."

तो गेला. सर्वांत हलक्या गिअरवर, पाय भराभर फिरवत, मुंगीच्या चालीने चढला. मेलेरी माब्लीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. चॅपलपाशी तो वळला, एक पाय टेकवून दम घेतला. मग निघाला. उतारावर त्याची पाठ सैल झाली, कोपरं बाहेर आली, आणि सात महिन्यांत पहिल्यांदा मेलेरीला तिचा बाप दिसला. सायकल त्याच्याखाली पाण्यासारखी वाहत होती. मध्ये एकदा त्याने अलगद ब्रेक लावून पाहिला, नीट, बेताने. 

माब्लीने त्याला ओळखलं. तिने दोन्ही हात वर केले आणि किंचाळून हसली.

गेथिनने नातीकडे पाहिलं. भीती वगैरे काही नव्हतीच. त्याचा चेहरा खुलला, खांदा वळला, आणि दारासमोर येता येता त्याने डावा ब्रेक कचकन दाबला.

पुढचं चाक जागीच रुतलं. मागचं उचललं गेलं. तो हँडलवरून पुढे डाव्या खांद्यावर पडला, आणि सायकल त्याच्यामागून घरंगळत जाऊन भिंतीला टेकली.

माब्ली खदखदून हसली. हे सगळं आपल्यासाठीच केलं असं तिला वाटलं.

मेलेरीने तिला इद्वालच्या हातात जवळजवळ फेकलंच. गेथिन रस्त्यावर उताणा पडून आकाशाकडे बघत होता. ओठ पांढरे पडलेले.

"हलू नकोस. डॅड, हलू नकोस."

"पॅड मस्त बसलेत," तो म्हणाला. "छान काम केलंस, पोरी."

ॲबरिस्टविथच्या इस्पितळात डाव्या गळपट्टीच्या हाडाचे दोन तुकडे दाखवले डॉक्टरांनी. हात सहा आठवडे झोळीत, पुढचं पुढे बघू. मेलेरीला तिथल्या पांढऱ्या उजेडात एकच आकडा दिसत राहिला: दोनशे तीन. एकशेऐंशी घातली असती, तर चाक कदाचित नुसतं घसरलं असतं. त्याला सुरक्षित ठेवायला म्हणून तिने जे जे चांगलं निवडलं, त्याच्याच जोरावर तो उडाला होता.

घरी मागच्या खोलीत त्याचा पलंग लावला. आता दोन्ही हात गेलेले. मेलेरी मधोमध स्टुलावर बसून एक चमचा माब्लीला आणि एक चमचा त्याला भरवायची. तिला गाजर, त्याला मटणाचं पातळ सूप.

"तिचं जास्त चांगलं दिसतंय," गेथिन म्हणायचा. मग माब्ली त्याच्याकडे हात करायची. घे, असा तो हट्ट. कुशीत झोपायची तिची वेळ झालेली असायची. तो मान वाकवून तिच्याकडे बघायचा आणि बोलणं बदलायचा. पाचव्या दिवशी बदललं नाही. नुसता भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मेलेरीने पोरीला उचललं आणि रडणं थांबेपर्यंत दुकानातल्या सायकलींमधून फिरवलं.

दहाव्या दिवशी चेहरा पुसून दिल्यावर तो म्हणाला, "ते पुस्तक काढ."

"कुठलं?"

"सुट्या भागांचं. विचार केला मी. तुझी डिस्क मोठी झाली. एकशेसाठ लावू. आणि पॅड मऊ असतात ना, हळू पकडणारे, ते. हाड सांधेपर्यंत ऑगस्ट उजाडेल. सप्टेंबरात जंगल कोरडं असतं. लिही."

पेन्सिल तिच्या कानामागेच होती. फळा दारातून दिसत होता, 'गेथिन' या नावाखाली पाच महिन्यांची यादी. तिने पुस्तक काढलं नाही.

"लिही ना."

"नाही, डॅड."

"मग साठ नको, ऐंशी. तू म्हणशील तशी."

"डिस्कचं नाही बोलत मी." तिने कानामागची पेन्सिल काढून खाली ठेवली. "मी यापुढे त्या सायकलला काही लावणार नाही. तुला उतरायला देणार नाही घोड्याची पाठ. या वर्षी नाही, पुढच्याही नाही. मला हे नाताळलाच म्हणायला हवं होतं. म्हणता आलं नाही म्हणून मी तुला भाग आणून देत गेले."

बाहेर कोणीतरी दुकानाची घंटी वाजवली, वाट पाहिली आणि निघून गेलं.

"मी तरी कुठे विचारलं तुला," गेथिन म्हणाला. "विचारलं असतं तर तू नको म्हणून सांगितलं असतंस. म्हणून भाग मागत राहिलो."

तिने त्याच्या छातीवर कपाळ टेकवलं, खांद्याला धक्का लागू न देता. त्याला हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवता येईना. त्याने हनुवटी टेकवली.

"ब्रेक पुन्हा पहिल्यासारखे करून टाक," थोड्या वेळाने तो म्हणाला. "तशी ठेवू नकोस. कोणीतरी घेऊन जाईल आणि पडेल. बाकीचं असू दे, चांगला माल आहे. पाय अधू असलेल्या कुणाला कामाला येईल."

"करते."

"गुरुवारी कर. मला इद्वाल फिजिओकडे नेणार आहे. मी इथे नसताना कर."

गुरुवारी ते दोघे गेल्यावर माब्ली झोपली. मेलेरीने सायकल स्टँडला अडकवली. लाल टेप काढली, तिचा चिकट डाग स्पिरिटने पुसला. नळ्या सोडल्या, दोन थेंब तेल तिच्या मनगटावर ओघळलं. पुढचा उजवीकडे घेतला, मागचा डावीकडे, हवा काढली, लिव्हर दाबून पाहिल्या. दोन्ही घट्ट. माब्ली उठायच्या आत काम संपलं. आता ती सायकल कायद्याप्रमाणे बरोबर होती आणि कोणीही तिच्यावर बसू शकत होतं. मेलेरी पाना हातात धरून तिच्यासमोर उभी राहिली, आणि आतून पोरीचा आवाज येईपर्यंत तिला हलता आलं नाही.