वाढत्या अंगाचा बोर्ड

मी एक पॅडलबोर्ड आहे आणि मी रागावलोय. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मधेच कुणी "अरे, जरा हळू बोल" म्हणायला नको. इतकी वर्षं गप्पच होतो ना? काय मिळालं?

मला कधी पाहिलं नसेल तर ऐका. पाण्यावर माझ्या पाठीवर उभं राहायचं, हातात लांब वल्हं घ्यायचं आणि वल्हवत पुढे जायचं. शीड नको, इंजिन नको, काही नको. अट एकच. उभं राहणाऱ्याच्या वजनाला मी साजेसा असलो पाहिजे. जड माणसाला छोटा बोर्ड दिला तर तो पाण्याखाली दबतो. हलक्या माणसाला मोठा दिला तर वारा दोघांनाही उचलून नेतो. यात काही मोठं गौडबंगाल नाही. पण माणसांना साधी गोष्ट सांगितली की ती आपलं डोकं चालवायला लागतात.

मला बनवणाऱ्यांनी मन लावून बनवलं. फोमचा गाभा कापला, त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड ताणून बसवलं, वरून राळ ओतली आणि ती वाळल्यावर घासून घासून मला गुळगुळीत केलं. पाय घसरू नयेत म्हणून पाठीवर निळं रबर चिकटवलं. बारा फूट लांब, चौतीस इंच रुंद, चांगला जाडजूड. घासणारा कारागीर सोबत्याला म्हणाला, आपला गोदामवाला यावर उभा राहिला तरी हा हलायचा नाही. गोदामवाला म्हणजे दारातून जरा तिरका होऊनच आत यायचा असा गृहस्थ. मला फार बरं वाटलं. असाच एखादा भारदस्त, हसरा माणूस आपल्याला घेऊन जाईल अशी स्वप्नं बघत मी दुकानात येऊन उभा राहिलो. शेपटीजवळ ठळक अक्षरांत छापलेलंही होतं, नव्वद किलोच्या वरच्या माणसांसाठी. वाचायला चष्मा लागला नसता.

आणि आलं कोण? एक शिंपी आणि त्याची सहावीतली मुलगी. मुलगी अशी काटकुळी, की पंखा जोरात लावला तर तिला धरून ठेवावं लागावं.

शिंप्याला सगळे मास्तर म्हणायचे. मुलगी त्याची थोरली, आणि मीही तिला थोरलीच म्हणतो. सुट्टीत ती तळ्यावर बोर्ड चालवायला शिकत होती. तिथले शिकवणारे म्हणजे कप्तान, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. त्यांनी तिला वर्गातला एक जुना, खरचटलेला, छोटा बोर्ड दिला होता आणि पहिल्याच आठवड्यात ती त्यावर ताठ उभी राहून सरळ रेषेत जायला लागली होती. हे मला पुढे तिनंच सांगितलं. पाण्यावर एकटी असली की ती माझ्याशी बोलायची. सुट्टी संपताना तळं पार करायची परीक्षा होती. जे पार करतील त्यांना कप्तान आपल्या चमूत घेणार होते आणि परीक्षेला बोर्ड आपापला आणायचा होता. थोरलीला त्या चमूत जायचं होतं. दुसरं काही तिला सुचत नव्हतं. जेवताना ती चमच्यानं आमटी वल्हवायची म्हणून आई ओरडायची.

दुकानदारानं विचारलं, कुणासाठी? मास्तर म्हणाले, पोरीसाठी. त्यानं बरोबर बोर्ड काढला. साडेनऊ फुटांचा, अरुंद, हलका. थोरलीनं तो काखेत धरला आणि दुकानभर फिरून आली. तिचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

मास्तर मात्र माझ्याकडे बघत होते. गळ्यातली टेप काढून त्यांनी मला मापलं, लांबी, रुंदी, जाडी. मग म्हणाले, हा घेऊ. पोर वाढत्या अंगाची आहे, दोन वर्षांत तो लहान होईल, मग काय पुन्हा दुकानात यायचं? दुकानदार म्हणाला, साहेब, हा मोठ्या माणसाचा आहे. मास्तर म्हणाले, असू दे की, सैल असलेलं बरं. तो पुन्हा म्हणाला, वाऱ्यात सांभाळणार नाही तिला. मास्तर हसले आणि म्हणाले, आपण आयुष्यभर हेच करतोय हो.

खरंच हेच करत होते. लहान मुलांचे कपडे शिवताना शिवणीत जास्तीचं कापड ठेवायचं, मूल वाढलं की टीप उसवायची आणि कपडा मोठा करायचा. गावातल्या मुलांचे गणवेश असे तीन-तीन वर्षं चालवले होते त्यांनी. पण अहो मास्तर, मला कुठून उसवणार? माझी बाही दुमडून घालता येते का? कमरेला नाडी ओवता येते?

दुकानदारानं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा नाही सांगितलं. गिऱ्हाईक समजून घेत नसेल तर आपलं काय जातं, असं म्हणून त्यानं मला गुंडाळायला घेतलं. माझा त्याच्यावरही राग आहे. थोरलीनं हातातला छोटा बोर्ड जागेवर ठेवला आणि माझ्या अंगावर हात फिरवला. बाबांनी एवढा मोठा घेतला म्हणून तिला आनंदच झाला होता. त्या वयात मोठं म्हणजे चांगलंच वाटतं.

घरी नेल्यावर मास्तरांनी माझ्यासाठी कव्हर शिवलं. सगळं काम बाजूला ठेवून शिवलं. माझी टोकं, माझा बाक, माझी जाडी, सगळं मापून. घातलं तर कुठे एक सुरकुती नाही, जशी माझी कातडीच. आता सांगा, संताप येईल की नाही? माझं माप पाव इंचापर्यंत घेतलं या माणसानं आणि पोरीचं वजन किती ते विचारलं नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे तुम्हाला लहानपणापासून घोकवतात. पण पाय पाहून अंथरूण घ्यावं, हे कुणी कुणाला शिकवत नाही वाटतं.

तळ्यावर पहिल्या दिवशीच सगळं कळलं. मला उचलायला मध्यभागी एक खाच आहे. मला काखेत घेऊन त्या खाचेत बोटं अडकवायची असतात. थोरलीचा हात तिथवर पोचेना. मग तिनं मला फरफटत नेलं, दगडांवरून. मी ओरडलो नाही, तिचा काय दोष? पाण्यात गेल्यावर तिच्या वजनानं मी इंचभरही खाली बसेना. वाऱ्याची झुळूक आली की मी निघालो भलतीकडे. वल्हं मारायचं तर तिला कमरेतून बाहेर झुकावं लागायचं, कारण माझी कडच तिच्यापासून लांब. उजवीकडे मारलं की मी डावीकडे वळायचो, डावीकडे मारलं की उजवीकडे. सरळ जाणारी पोर माझ्यावर नागमोडी जायला लागली.

कप्तान घरी येऊन मास्तरांना सांगून गेले की परीक्षेपुरता वर्गातला छोटा बोर्ड देतो. मास्तरांना ते लागलं. माझ्या मुलीनं दुसऱ्याचं जुनं का वापरायचं, असं म्हणाले. थोरलीनं आईला हळूच सांगितलं की हा हवा तिकडे वळत नाही गं. आईनं ते मास्तरांपर्यंत पोचवलं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, सवय झाली की वळेल.

परीक्षेच्या सकाळी काठावरून आत वारा वाहत होता. बाकीची मुलं आपापल्या मापाच्या बोर्डांवर टकाटक निघाली. थोरली निघाली तीही जिद्दीनं. दात ओठ खाऊन वल्हं मारत होती, आणि मी बारा फुटांचा गाढव नुसता फिरत होतो. ती पडली. पाय माझ्याशी दोरीनं बांधलेला होता म्हणून लांब गेली नाही. पण मी इतका जाड की तिला वर चढता येईना. कशीबशी चढली, पुन्हा पडली, पुन्हा चढली. माझ्या पाठीवर ओणवी होऊन ती म्हणत होती, वळ ना रे, वळ ना. मला तोंड असतं तर तेव्हाच सांगितलं असतं, पोरी, तुझं काही चुकत नाहीये! वाऱ्यानं आम्हाला लव्हाळ्यात नेऊन कोंबलं. तिथून कप्तानांनी मोटरबोटीनं ओढून आणलं. तोवर बाकीची मुलं तळं पार करून काठावर परतली होती आणि टाळ्या वाजवत होती.

काठावर मास्तर उभे होते. घाबरले होते, हे मला दिसत होतं. पण घाबरलेला बाप घाबरलो असं म्हणत नाही, तो ओरडतो. सगळ्या मुलांसमोर, त्यांच्या आईबापांसमोर ते म्हणाले, "एवढा मोठा बोर्ड आणून दिला, तरी उभं राहता येत नाही? तुला जमतच नाही."

ती एवढंच म्हणाली की तो वळत नाही. त्यावर मास्तर म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं!

अहो, अंगण वाकडंच होतं! ते अंगण मी होतो. भर चौकात उभं राहून सांगायला तयार आहे मी. कप्तानांनीही सांगितलं की पोरीला बोलू नका, बोर्ड तिच्या मापाचा नाही. पण मास्तर म्हणाले, मापाचं मला शिकवू नका. मग कप्तान गप्प बसले. शहाणी माणसं नेमकी नको तिथे गप्प बसतात. थोरलीला कप्तानांचं बोलणं ऐकूच गेलं नाही. तिला बाबांचं तेवढं ऐकू गेलं.

ती पुन्हा तळ्यावर गेली नाही. मास्तरांनी चार-दोनदा विचारलं, एकदा तर लाडीगोडीही लावली. तिचं उत्तर एकच, मला जमत नाही.

आणि मी? मी मास्तरांच्या दुकानात आलो. दोन लाकडी घोड्यांवर, फळ्या ठेवतात तसा, आडवा टाकला मला आणि पाठीवर कापडाचे तागे रचले. सुती, टेरिकॉट, अस्तराचं. पाण्यासाठी घडवलेला मी, वर्षानुवर्षं कोरडा. शिलाई मशीनची घरघर, कात्रीचा आवाज, इस्त्रीची वाफ, आणि गिऱ्हाइकांची भांडणं की बगलेत का काचतंय. मला त्याचं एवढं दुःख नव्हतं. मला राग यायचा तो थोरलीचं बोलणं ऐकून. शाळेत नाटकात घेतलं तर म्हणाली, मला जमत नाही. गणिताच्या स्पर्धेला बाईंनी नाव दिलं, ते काढून आली, मला जमत नाही. बापानं मशीनवर बसवलं तरी तेच. एक वाक्य पोरीच्या अंगात शिरलं आणि घर करून बसलं. मास्तर शेजाऱ्यांना सांगायचे, जरा बुजरीच आहे हो ती, जन्मापासून. जन्मापासून! त्या छोट्या बोर्डावर ताठ उभी राहणारी पोर यांनी बघितली होती की नाही?

अशी ती वाढली. कॉलेजात गेली, उंच झाली, अंगानं भरली. संध्याकाळी दुकानात बसून काजं करायची, बटणं लावायची.

परवा मास्तरांनी धाकटीसाठी सायकल आणली. धाकटी थोरलीपेक्षा बरीच लहान, तिसरीत आहे. सायकल बघूनच मला धस्स झालं. सीट अगदी खाली केलेली, तरी तिचे पाय जमिनीपासून वीतभर वर. मास्तर खुशीत होते, म्हणाले, वाढत्या अंगाची आहे, पाच वर्षं बघायला नको. मी तागे अंगावर घेऊन नुसता धुमसत होतो.

दुकानासमोरच पडली ती. हनुवटी फुटली, रक्त आलं. मास्तर कात्री टाकून धावले, तिला उचललं, आणि उचलता उचलता ओरडले की लक्ष कुठे असतं, एवढी चांगली सायकल आणली, तुला जमतच...

"बाबा, पुरे."

थोरली उभी राहिली होती. हातात सुई तशीच, दोरा लोंबतोय. इतक्या वर्षांत तिनं बापाला मधे तोडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"तिला जमत नाही असं नाही. सायकल मोठी आहे. तिचे पाय आज टेकायला हवेत, पाच वर्षांनी नाही." मग तिचा आवाज फुटला. "मलाही जमत होतं, बाबा."

रस्त्यावरचे दोघे-तिघे थांबून बघत होते. मास्तर धाकटीला कडेवर घेऊन तसेच उभे राहिले. मग हळूच माझ्याकडे बघितलं, या ताग्यांखाली मी आहे हे जणू त्यांना आत्ता आठवलं. धाकटीला त्यांनी थोरलीच्या हवाली केलं. खाली बसून धाकटीच्या पायाचं माप घेतलं, कमरेपासून टाचेपर्यंत, दोनदा. सायकल हातानं ढकलत ते सायकलवाल्याच्या दुकानाकडे निघून गेले. थोरलीनं धाकटीची हनुवटी धुतली, पट्टी लावली आणि मग तोंडावर ओढणी घेऊन खूप रडली. धाकटी तिची पाठ थोपटत होती.

माझा राग गेला असं समजू नका. सात-आठ वर्षं कुठून परत येणार? तेव्हा तुम्ही जे कुणी हे ऐकताय, बोर्ड घ्या, बूट घ्या, सायकल घ्या, ज्याच्यासाठी घेताय त्याला आज वजनकाट्यावर उभं करा, आज पायात घालून चालवून बघा. आणि वस्तू जमली नाही तर आधी वस्तूला शिव्या द्या. आम्हाला चालतात, आम्ही सोसतो. पोरांना सोसत नाहीत.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगतो. परवा रडून झाल्यावर थोरली माझ्या कडेला टेकून बसली होती, सगळा भार टाकून. नव्वद किलोची ती नाही. पण आता तिच्याखाली मी सरळ जाईन, वळ म्हटलं की वळेन. मास्तरांचा हिशोब शेवटी बरोबर आला म्हणायचा. पण मी तिला पाण्यात चल म्हणणार नाही. तिला जायचं असेल तर ती आधी दुकानात जाईल, चार बोर्ड काखेत धरून बघेल आणि तिला आवडेल तो घेईल. मी नसलो त्यात तरी चालेल.